ढोल काढून घेतले, पाय राहिले

२५ मे हा अमेरिकेत टॅप डान्स दिन असतो. टॅप म्हणजे बुटाच्या टोकाला आणि टाचेला धातूच्या पट्ट्या लावून खटखट ताल धरत केलेला नाच. जुन्या हॉलिवूड सिनेमात सुटाबुटातले गोरे हिरो नाचायचे बघा, तोच. आपण तो तिथेच पाहिला, म्हणून तो गोऱ्यांचाच वाटतो. पण या नाचाची मुळं शोधत गेलात तर वाटेत एक कायदा लागतो.

सप्टेंबर १७३९. साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, माणसं गोळा करत ते पुढे निघाले. बंड चिरडलं गेलं. पुढच्याच वर्षी कायदा आला: गुलामांनी ढोल, शिंग किंवा मोठ्या आवाजाची वाद्यं वापरायची नाहीत. कारण ढोलावरून निरोप जातो, माणसं जमतात. त्याच कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं हाही गुन्हा ठरवला. ढोल आणि लेखणी, सरकारला भीती दोन्हींची!

पण ताल कसा जप्त करणार? मांडी, छाती, टाळ्या आणि टाचा यांवर ताल धरणं चालूच राहिलं. त्याला 'जुबा' म्हणत.

आता एका बंदीतून अख्खा नाच जन्मला, इतकं सरळ गणित नाही. आयर्लंडमधून पोट भरायला आलेल्या गरिबांचा जिग, इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणी कामगारांचा लाकडी तळाच्या बुटांचा नाच, हेही त्यात मिसळले. न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' या बकाल वस्तीत काळे आणि आयरिश शेजारी शेजारी राहायचे. तिथे विल्यम हेन्री लेन हा काळा तरुण 'मास्टर जुबा' म्हणून गाजला. जॉन डायमंड या गोऱ्या नर्तकाशी त्याच्या चक्क स्पर्धा लागायच्या. १८४८ साली तो लंडनला गेला, तिथेही गाजला आणि तरुणपणीच वारला.

त्या काळी गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे, आणि नाच मात्र त्यांचाच उचलायचे. ही खोड लवकर गेली नाही. १९३६ च्या 'स्विंग टाइम'मध्ये फ्रेड अस्टेअर तोंड काळं करूनच नाचला. ती म्हणे बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सनला मानवंदना! आणि खुद्द रॉबिन्सन, जिन्यावरच्या नाचाचा बादशहा? त्याला १९३५ च्या 'द लिटल कर्नल'मध्ये काम मिळालं ते नोकराचं.

हा रॉबिन्सन रिचमंड गावचा. १९३३ साली त्याने तिथल्या एका चौकात मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडताना पाहिली. सिग्नल नव्हता. त्याने स्वतःच्या पैशाने बसवून दिला. १९७३ पासून त्याच चौकात त्याचा पुतळा उभा आहे, जिन्यावर नाचताना. २५ मे हा त्याचाच जन्मदिवस. अमेरिकेने तो टॅप दिन ठरवला १९८९ साली, म्हणजे तो गेल्यावर ४० वर्षांनी.

कला कोणाची आणि नाव कोणाचं, हा प्रश्न म्हणूनच विचारत राहायला हवा.

वेळ मिळाला की १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मधला निकोलस बंधूंचा नाच यूट्यूबवर बघा. आवाज मोठा ठेवा. ते ढोल ऐकू येतात का, कमेंटमध्ये सांगा.