टिफ्रॅकची स्मृती

संगणकाच्या इतिहासात गणन करणाऱ्या भागाचे कौतुक अधिक झाले, परंतु पहिल्या पिढीतील यंत्रे बांधणाऱ्यांची खरी अडचण स्मृतीची होती. कारण गणन कितीही वेगाने झाले, तरी पुढची संख्या आणि पुढची आज्ञा तितक्याच वेगाने हाती आली नाही, तर तो वेग वाया जातो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत 1955च्या सुमारास आलेल्या एचईसी-2एम या ब्रिटिश यंत्राची स्मृती फिरत्या चुंबकीय पिंपावर होती आणि हवी ती नोंद वाचकशीर्षाखाली येईपर्यंत यंत्राला थांबून राहावे लागे. कोणतीही नोंद, ती कोठेही असली तरी, सारख्याच वेळात मिळणे हा ज्या स्मृतीचा गुण असतो, तिला यादृच्छिक प्रवेश स्मृती, म्हणजेच आजची रॅम, म्हणतात. मँचेस्टर येथे 1948 मध्ये ती किरणनळीच्या पडद्यावरील विद्युतभाराच्या ठिपक्यांतून साधण्यात आली, मात्र ते ठिपके क्षणार्धात विरत आणि नळ्या लहरी असत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने 1954च्या उत्तरार्धात प्रायोगिक यंत्राची आखणी सुरू केली, तेव्हा इलिनॉय विद्यापीठाच्या 1952च्या इलियाक यंत्रातही याच नळ्या होत्या. मुंबईच्या गटाने मात्र फेराइटच्या कड्या निवडल्या. अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात जे फॉरेस्टर यांनी 1953 मध्ये ही रचना प्रत्यक्ष चालवून दाखवली होती, म्हणजे तंत्र जेमतेम वर्षभराचे होते. मुंबईच्या या यंत्राच्या कथेत जवाहरलाल नेहरूंनी 1962 मध्ये त्याला दिलेल्या टिफ्रॅक या नावाचा उल्लेख हमखास येतो. पण स्मृतीची ही निवड नामकरणापेक्षा अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल.

फेराइट हे लोखंडाच्या ऑक्साइडात अन्य धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेले चुंबकीय द्रव्य आहे. त्याची बारीक कडी उजव्या किंवा डाव्या दिशेने चुंबकित होते आणि या दोन दिशा म्हणजे एक आणि शून्य, अर्थात एक बिट. कड्या आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असतात. कडी उलटवण्यास लागणाऱ्या प्रवाहाचा अर्धा भाग एका आडव्या तारेतून आणि अर्धा एका उभ्या तारेतून सोडला, की जिथे त्या दोन तारा छेदतात तेवढीच कडी उलटते, बाकीच्या अर्ध्या प्रवाहाला दाद देत नाहीत. वाचण्यासाठी कडी शून्याकडे ढकलली जाते. ती आधी एक असेल तर उलटताना वेगळ्या तारेत सूक्ष्म स्पंद उमटतो. वाचनाने नोंद अशी पुसली जात असल्यामुळे प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा लिहावी लागे. वीज गेली तरी कडीचे चुंबकत्व मात्र टिकून राही.

फेब्रुवारी 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या पूर्ण यंत्रात 40 बिटांचे 2048 शब्द मावत, म्हणजे 81,920 बिट, आजच्या मापाने 10 किलोबाइट. आठ गिगाबाइट रॅमच्या फोनमध्ये याच्या सुमारे आठ लाख पट जागा असते. संस्थेत 1964 मध्ये आलेल्या सीडीसी 3600 या अमेरिकी यंत्रात 48 बिटांचे 32,768 शब्द होते, टिफ्रॅकच्या एकोणीस पट. स्मृती मात्र कड्यांचीच होती.

कड्यांचा शेवट सिलिकॉनने केला. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना 1968 मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म संधारित्र, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, पुरे होते. 1970 मध्ये बाजारात आलेल्या इंटेलच्या 1103 या चिपमध्ये प्रत्येक बिटाला तीन ट्रान्झिस्टर होते आणि एकूण 1024 बिट मावत; तेवढ्यावरही किमतीच्या लढतीत कड्या हरल्या. या गतिक रॅमला, म्हणजे डीरॅमला, दोन खोडी जडल्या आहेत: वाचताना भार ओसरतो, म्हणून कडीप्रमाणेच पुनर्लेखन करावे लागते, आणि न वाचताही तो गळत राहतो, म्हणून सामान्यतः दर 64 मिलिसेकंदांत सगळ्या ओळी ताज्या कराव्या लागतात. स्थितिक रॅम, म्हणजे एसरॅम, सहा ट्रान्झिस्टरांच्या परस्परांना धरून ठेवणाऱ्या मांडणीत बिट राखते, त्यामुळे ताजेपणाची कटकट नसते आणि वेगही अधिक मिळतो. पण जागा व खर्च वाढत असल्याने ती प्रक्रियकातील छोट्या साठवणीपुरती उरली आहे. वीज गेली की दोन्ही रिकाम्या होतात. मुख्य स्मृतीत आज डीरॅमचेच राज्य आहे. तिच्या डीडीआर पिढ्यांत घड्याळस्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जाते आणि या मालिकेतील डीडीआर5चे मानक 2020 मध्ये निघाले. आडव्या-उभ्या रेषांच्या छेदावर बिट गाठण्याची मूळ कल्पना त्यातही टिकून आहे. भारतात गुजरातच्या सानंद येथे 2023 मध्ये पायाभरणी झालेला मायक्रॉनचा कारखाना अशा चिपांच्या जुळणीचा आणि चाचणीचा आहे. सिलिकॉनच्या चकत्यांवर ती जाळी कोरण्याचे काम परदेशातच होते.