कागद आधी, चर्मपत्र नंतर

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात लोक रांग लावून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा बघतात. काचेखालचं ते चर्मपत्र इतकं फिकटलंय की बहुतेक सह्या डोळे ताणूनही लागत नाहीत. एकोणिसाव्या शतकात पेटंट कचेरीच्या इमारतीत खिडकीसमोर ते ३५ वर्षं टांगलेलं होतं, शाई उजेडानं उडाली. पण १३ वसाहतींना इंग्लंडच्या राजापासून ज्यानं तोडलं, तो जाहीरनामा हा नव्हे. ४ जुलै १७७६ रोजी हे चर्मपत्र अस्तित्वातच नव्हतं. त्या रात्री होता तो छापील कागद, आणि मागोवा घ्यायचा तर त्या कागदाचाच घ्यायला हवा.

त्याच्याही आधी एक पुस्तिका होती. इंग्लंडच्या जकात खात्यातून कमी केलेला टॉमस पेन १७७४च्या अखेरीस फिलाडेल्फियात उतरला आणि जानेवारी १७७६मध्ये त्याची ‘कॉमन सेन्स’ निघाली. तोवर भांडण होतं ते करांचं: ज्या संसदेत आपला एकही माणूस नाही, तिनं आपल्यावर कर का बसवावा? एप्रिल १७७५मध्ये लेक्सिंग्टनला इंग्रज सैनिकांशी चकमकीत रक्त सांडलं, तरी जुलैमध्ये वसाहतींची काँग्रेस राजाला विनवणीचा अर्ज धाडतच होती. तिसऱ्या जॉर्जनं तो स्वीकारलासुद्धा नाही. पेननं थेट राजेपणालाच हात घातला. एका घराण्यात जन्मला म्हणून कोणी पिढ्यानपिढ्या इतरांवर राज्य का करावं, हा सवाल त्यानं लोहार-सुतारांना कळेल अशा भाषेत टाकला. अर्ज-विनंत्यांचे दिवस तिथंच सरले.

जूनमध्ये काँग्रेसनं पाच जणांची समिती नेमली आणि जाहीरनाम्याचा मसुदा ३३ वर्षांच्या टॉमस जेफरसनवर आला. फिलाडेल्फियात एका गवंड्याच्या घरात भाड्यानं घेतलेल्या खोल्यांत, मांडीवर घेता येईल अशा छोट्या पेटीवजा मेजावर त्यानं तो लिहिला. सगळी माणसं जन्मतः समान आहेत, असं तो लिहीत होता तेव्हा त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा १४ वर्षांचा मुलगा होता. रॉबर्ट जेफरसनचा गुलाम होता, आणि जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊही. या एका खोलीवरून नजर हटवून अमेरिकेच्या प्रजासत्ताकाची गोष्ट सांगता येत नाही, असं मला वाटतं.

मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर एक जळजळीत परिच्छेद होता, सारा दोष राजाच्या माथी मारणारा. काँग्रेसनं तो पुरता काढून टाकला. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाला तो नको होता, आणि गुलामांची वाहतूक करून पैसा केलेल्या उत्तरेकडच्यांनाही तो टोचला, अशी नोंद जेफरसननंच करून ठेवली आहे. एकूण मसुद्याचा जवळजवळ चौथा हिस्सा छाटला गेला. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैलाच मंजूर झाला होता. ४ तारखेला मजकूर पक्का झाला आणि हस्तलिखित जॉन डनलॅपच्या छापखान्यात गेलं.

ती रात्र घाईची होती. डनलॅपच्या माणसांनी खिळे जुळवले, सुमारे २०० प्रती काढल्या. त्यातल्या २६ आज माहीत आहेत. काही कागद वाकडे छापले गेलेत, काहींवर मजकुराचा उलटा ठसा उमटलाय, कारण शाई वाळायच्या आत घडी घातली गेली. खाली नावं दोनच, काँग्रेसचा अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि चिटणीस चार्ल्स टॉमसन. बाकीच्यांनी अजून सह्या केलेल्याच नव्हत्या. घोडेस्वार हे कागद घेऊन निघाले. काही दिवसांतच पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन शेतकऱ्यांसाठी जर्मन भाषांतरही छापून निघालं.

आणि मग वाचन. सगळ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मजकूर चौकाचौकांत मोठ्यानं वाचला गेला. ८ जुलैला फिलाडेल्फियात. ९ जुलैच्या संध्याकाळी न्यूयॉर्कमध्ये, सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे. ऐकून पेटलेल्या लोकांनी बोलिंग ग्रीनमधला तिसऱ्या जॉर्जचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. पुतळा शिशाचा होता. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्डला गेले आणि तिथं बायकामुलांनी ते वितळवून ४२,०८८ गोळ्या ओतल्या. मोजदाद टिपून ठेवलेली आहे.

चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात प्रत करण्याचा हुकूम त्यानंतरचा, १९ जुलैचा. बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. सही म्हणजे राजद्रोह, आणि राजद्रोहाला फाशी; म्हणून नावं जगजाहीर व्हायला जानेवारी १७७७ उजाडलं. सह्यांसकट जाहीरनामा छापण्याचं काम बाल्टिमोरच्या मेरी कॅथरिन गॉडर्डनं केलं. ती तिथली पोस्टमास्तर होती आणि छापखाना चालवायची. तळाला तिनं मुद्रक म्हणून आपलं पूर्ण नाव घातलं. फाशीच्या त्या यादीखाली एका बाईनं स्वतःहून नाव घातलं, याचं मोल मला कोणत्याही सहीइतकंच वाटतं.

पुढचं युद्ध सर्वांना ठाऊक असतं. फ्रान्सची मदत आली, ऑक्टोबर १७८१मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसचं सैन्य शरण आलं, १७८३च्या पॅरिस तहात इंग्लंडनं स्वातंत्र्य मान्य केलं. हाच कॉर्नवॉलिस १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७८७मध्ये राज्यघटना लिहिली गेली ती फिलाडेल्फियात, जाहीरनामा जिथं मंजूर झाला त्याच सभागृहात. राजा गेला, निवडून दिलेला अध्यक्ष आला. पण छाटलेला परिच्छेद छाटलेलाच राहिला. उलट गुलामांचा व्यापार १८०८पर्यंत बंद करता येणार नाही, असं कलम घटनेत बसलं.

हा मजकूर पुढे जिवंत ठेवला तो त्यात ज्यांना जागा नव्हती त्यांनी. १८४८मध्ये सेनेका फॉल्सला जमलेल्या स्त्रियांनी जाहीरनाम्याचाच साचा घेऊन ‘सगळे पुरुष आणि स्त्रिया’ समान असल्याचं लिहिलं. गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसनं १८५२मध्ये रॉचेस्टरच्या सभेत विचारलं की गुलामाला तुमच्या ४ जुलैचं काय? गुलामीवरून पेटलेल्या यादवी युद्धात अध्यक्ष लिंकननं गेटिसबर्गच्या भाषणात देशाचं वय मोजलं ते १७७६पासून, घटनेपासून नव्हे. डिसेंबर १८६५मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामी गेली, त्या युद्धात लाखो माणसं मेल्यावर.

गुलामांच्या या सुटकेची दखल पुण्यात एका माणसानं घेतली. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी सोसलं म्हणून. आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून मोकळं करावं, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेतच लिहून ठेवली.