खानदेशातील तुरुंग आणि अपराधिनी स्त्री : एका अध्ययनविषयाचा आरंभ

तुरुंगसंस्था आणि तिच्या निर्मूलनाचा स्त्रीवादी विचार हा विषय जळगाव-धुळ्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस शिकवावयाचा म्हटल्यास प्रथमच एक अडचण उभी राहते. खानदेशात तुरुंगास पावित्र्य लाभले आहे. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या काळात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने केली, आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढील वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. सत्याग्रही तुरुंगात स्वेच्छेने जातो व सन्मानाने परततो. त्यामुळे तुरुंग मुळात असावाच का, हा प्रश्न ह्या वाङ्मयाच्या वाचकास सहसा सुचत नाही.

म्हणून आरंभ धुळ्यापासून न करता पुण्याच्या काशीबाईपासून करावा, असे मला वाटते. ही ब्राह्मण विधवा जोतीराव फुले यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करीत असे. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. लोकलज्जेस्तव तिने अर्भक मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. खुनाच्या कलमात शास्त्र्याच्या वर्तनाचा प्रश्न उद्भवतच नव्हता! जोतीराव व सावित्रीबाई यांनी १८६३ मध्ये बालहत्या-प्रतिबंधक गृह काढून विधवांस गुप्तपणे बाळंत होण्याची सोय केली. १८८४ च्या टिपणात जोतीराव सांगतात की तेथे पस्तीस विधवा आल्या, पण मुले पाचच जगली. गर्भावस्थेत घेतलेली विषारी औषधे हे त्यांनी कारण दिले आहे.

फुले दांपत्याने तुरुंग मोडावेत असे म्हटले, असा अर्थ येथे काढू नये. परंतु शिक्षेकडे न पाहता अपराध घडविणाऱ्या परिस्थितीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी अँजेला डेव्हिस यांच्या २००३ मधील तुरुंगविषयक ग्रंथाशी ताडून पाहण्याजोगी आहे.

दुसरे प्रकरण खानदेशास अधिक जवळचे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी ह्या विधवेस बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती जन्मठेपेवर आणि अखेर पाच वर्षांवर आली. त्यावरील वृत्तपत्री गदारोळास जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगतच्या बुलढाण्यातून ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून उत्तर दिले. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांनी पुरुषास उभे केले. हा ग्रंथ आणि ‘श्यामची आई’ विद्यार्थ्यांनी एकाच सत्रात वाचावीत. एकीत आई वंदनीय आहे; दुसऱ्यामागे मातृत्वच गुन्हा ठरलेली स्त्री आहे, आणि तिने लिहिलेले तुरुंगवृत्त आपल्या ग्रंथालयांत सापडत नाही.