जागल्या-संरक्षण : शासकीय सेवेतील

आपल्याच कार्यालयातील लाचखोरी, खोटी मोजमापे किंवा निधीचा अपहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला सूडाची बदली, निलंबन, विभागीय चौकशी यांपासून मिळणारे कायदेशीर कवच. ते सर्वांना सारखे नाही. नाशिक जिल्ह्यातील घोटी गावातल्या रेल्वे स्थानकातला कर्मचारी २१ एप्रिल २००४ च्या केंद्रीय ठरावानुसार केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करू शकतो. नाव-पत्ता पाकिटावर नाही, आतल्या कागदावर लिहायचा. निनावी पत्राची दखल घेतली जात नाही. नाव मात्र गुप्त राहते. महामार्गाच्या कामातील गैरप्रकार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे खून झाला, त्यानंतर हा ठराव आला. नाव फोडू नये ही दुबे यांची विनंती पाळली गेली नव्हती.

घोटीचा तलाठी किंवा पाटबंधारे अभियंता राज्याचा नोकर असल्याने या ठरावाबाहेर राहतो. दारणा, मुकणे, भावली ही धरणे असलेल्या घोटीच्या इगतपुरी तालुक्यात ही उणीव फार मोठी आहे. मोजमाप पुस्तिकेतली खोटी नोंद सर्वांआधी शाखा अभियंत्याच्याच नजरेस पडते. नाशिक येथे कार्यरत मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये सिंचन प्रकल्पांचा फुगलेला खर्च आणि निकृष्ट कामे यांविषयी सरकारला पत्रे लिहिली. सप्टेंबरमध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आरोप नाकारत राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये ते पदावर परतले. पांढरे यांनी पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली.

भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ (पूर्वीचे ३५३) कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून येणाऱ्याविरुद्ध चालते; साहेबांनी काढलेल्या 'कारणे दाखवा' नोटिशीपुढे ते निरुपयोगी आहे. ती उणीव भरून काढणारा कायदा संसदेने केला आहे. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेला हा कायदा राज्य कर्मचाऱ्यांनाही लागू होतो. कारवाई सूडाची नाही, हे त्यात कार्यालयाने सिद्ध करायचे असते. तक्रारदाराचे नाव फोडणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद व ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र हा कायदा अमलात आणणारी अधिसूचनाच निघालेली नाही, आणि हा विलंब अक्षम्य आहे.

तोवर राज्य कर्मचाऱ्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक, लोकायुक्त आणि सूडाच्या बदलीविरुद्ध २००५ चा बदल्यांचा कायदा घेऊन महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण ('मॅट'), एवढेच मार्ग आहेत. तक्रारीआधी कागदपत्रे सांभाळून ठेवावीत.