गोड खाल्ल्यामुळे नाही: थायरॉइड आणि डायबिटीसच्या नात्याचा इतिहास

आज सुरुवात घरातूनच करते.

मला चौदाव्या वर्षी टाइप १ डायबिटीस झाला, तेव्हापासून इन्सुलिन चालू आहे. पंचविसाव्या वर्षी भलतंच सुरू झालं. डोस तोच, जेवण तेच, तरी पहाटे शुगर खाली जायची. घाम, थरथर, मग ग्लुकोजची पुडी. मी इंजिनीअर, त्यामुळे एक्सेलमध्ये नोंदी ठेवल्या. कारण काही सापडेना. शेवटी डॉक्टरांनी टीएसएच तपासलं. थायरॉइड मंदावलं होतं. थायरॉइड मंद असलं की शरीर इन्सुलिनचा निचराही सावकाश करतं, म्हणून नेहमीचाच डोस जास्त होत होता.

नातेवाईक म्हणाले, “आधी गोड खाऊन शुगर लावून घेतलीस, आता हे!” आई काहीच बोलली नाही. आपलंच काहीतरी चुकलं, असं तिला वाटत होतं. म्हणून मी वाचायला बसले.

गंमत बघा, या दोन्ही आजारांत उपचार आधी सापडले, कारण नंतर. 1891 मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी थायरॉइड जवळजवळ बंद पडलेल्या एका 46 वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या पुढे 28 वर्षं जगल्या. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळालं. पहिलं इंजेक्शन अशुद्ध होतं, फारसा उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला आणि शुगर उतरली. मी पहिल्यांदा इन्सुलिन घेतलं तेव्हा त्याच्याच वयाची होते.

पण ग्रंथी मुळात बंद का पडते? 1912 मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या थायरॉइडचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी होती. त्या तिथे काय करत होत्या, हे पुढची चाळीसहून जास्त वर्षं कळलं नाही. आपली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर उठेल, हे बहुतेकांना पटतच नव्हतं.

1956 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात डेबोरा डोनिआक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव माणसाच्या थायरॉइडच्या अर्काशी जुळवून पाहिला. साका तयार झाला. म्हणजे रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीज होत्या!

मग डायबिटीसमध्येही असंच असेल का? शोध बरेच जण घेत होते, हाती काही लागत नव्हतं. कारण बहुतेक रुग्णांत या अँटीबॉडीज काही वर्षांत ओसरतात. 1974 मध्ये जान फ्रँको बोताझ्झो आणि त्याच डेबोरा डोनिआक यांच्या गटाने वेगळे रुग्ण निवडले: डायबिटीसबरोबरच इतर ग्रंथींचेही असे आजार असलेले. त्यांच्यात अँटीबॉडीज टिकून राहतात. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांविरुद्धच्या अँटीबॉडीज त्यांच्याच रक्तात दिसल्या. पुढे नव्याने निदान झालेल्या मुलांतही त्या सापडल्या.

हे वाचून मी थांबले. टाइप १ चं कारण उलगडलं ते दोन-दोन आजार घेऊन जगणाऱ्यांच्या रक्तातून. म्हणजे माझ्यासारख्यांच्याच! मी ज्याला दुप्पट दुर्दैव म्हणत होते, त्यातच उत्तर होतं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे मी दिलेल्या लाडवांनी नाही ना?” नाही गं. अकरा वर्षं हा प्रश्न ती मनात धरून बसली होती.

आता रोजचं गणित असं: उठल्यावर उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, चहा तासाभराने. पण शुगर लो असेल तर आधी साखर, गोळीचं नंतर बघायचं. गोळी थांबू शकते, शुगर थांबत नाही. आणि टाइप १ असलेल्या मंडळींनो, टीएसएच कधी आणि किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांना जरूर विचारा. टाइप २ ची गोष्ट वेगळी आहे, ती पुन्हा कधीतरी.

आणि पुढच्या वेळी कुणी “गोड फार खाल्लंस” म्हणालं, तर त्यांना हा भाग पाठवा. भेटूच.