ध्वनिमुद्रण, प्रबल गायनाचे

मोठ्या व खुल्या आवाजातील गायन विकृत होऊ न देता आणि ध्वनिग्राहकास म्हणजेच मायक्रोफोनास अपाय न पोहोचता मुद्रित करण्याचे तंत्र. माणसाच्या अगदी हलक्या व अगदी प्रबल स्वरांच्या तीव्रतांमध्ये फार मोठे अंतर असते. मुद्रणयंत्रणेला मात्र खाली स्वतःच्या खरखरीची व वर भार सोसण्याच्या शक्तीची अशा दोन मर्यादा असतात. वरची मर्यादा ओलांडताच ध्वनितरंगांचे माथे कापले जातात, मूळ आवाजात नसलेल्या कंप्रता त्यात मिसळतात व आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. कापला गेलेला भाग मागाहून जसाच्या तसा परत मिळत नाही. त्यामुळे गायकाने यंत्राला सांभाळावे की यंत्राने गायकाला, हा प्रश्न या तंत्राच्या इतिहासात आरंभापासून दिसतो.

कर्ण्याचा काळ : १९२५ पूर्वीच्या व्यापारी ध्वनिमुद्रणात विजेचा उपयोग नव्हता. गायक कर्ण्याच्या तोंडाशी गाई आणि त्याच्या आवाजाच्या ऊर्जेनेच पडदा हालून सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरीत असे. हलका आवाज उमटतच नसे. अतिप्रबल स्वर आल्यास पडदा थरथरून मुद्रण बिघडे. यावर अंतर हाच उपाय होता. वरचा स्वर घेताना गायकाने मागे सरावे, मंद स्वराला पुढे यावे, असा प्रघात होता. प्रसंगी मुद्रणकारच त्याला हाताने मागेपुढे करी. अमेरिकन मुद्रणकार फ्रेड गाइसबर्ग (१८७३–१९५१) याने एप्रिल १९०२ मध्ये मिलान येथे एन्रीको कारूसोची दहा गीते मुद्रित केली व त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचे गायन मुद्रित केले. महाराष्ट्रात संगीत शाकुंतल (१८८०) पासून बहरलेल्या रंगभूमीवरील गायकनटांचा आवाज ध्वनिवर्धकावाचून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे. असा कमावलेला आवाज कर्ण्याला मानवणारा होता. पण रंगमंचावरील मोकळीक सोडून त्याला एका जागी, मोजून गावे लागे.

विद्युत्‌ मुद्रण : ई. सी. वेंटे (१८८९–१९७२) या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये धारित्र ध्वनिग्राहक तयार केला. १९२५ मध्ये व्हिक्टर व कोलंबिया या कंपन्यांनी विद्युत्‌ मुद्रणपद्धती स्वीकारली. निर्वात नलिकांच्या विवर्धकामुळे हलका आवाजही टिपता येऊ लागला व ध्वनिग्राहकाच्या निकट, कुजबुजल्यासारखे गाण्याची शैली लोकप्रिय झाली. प्रबल आवाजाची अडचण मात्र संपली नाही, तिची जागा बदलली. विवर्धकावर अतिभार येऊ लागला आणि तबकडीवर सुईचा झोक वाढून शेजारच्या खाचेची भिंत फुटण्याचा धोका राहिला.

ध्वनिग्राहकांचे प्रकार : चल वेटोळ्याचा ध्वनिग्राहक १९३१ मध्ये प्रचारात आला. तो दणकट असतो व गळ्यातून निघणाऱ्या कोणत्याही आवाजाने त्याला सहसा अपाय होत नाही. हॅरी ऑल्सन (१९०१–८२) याने विकसित केलेल्या पट्टीच्या ध्वनिग्राहकातील ॲल्युमिनियमची पट्टी मिमी.च्या काही सहस्रांशांइतकीच जाड असते. तिला आवाजापेक्षा हवेच्या झोताची भीती अधिक. प, फ, ब, भ यांसारख्या ओष्ठ्य व्यंजनांच्या उच्चारात तोंडातून निघणारा झोत तिला ताणून सैल करू शकतो. म्हणून असा ध्वनिग्राहक दूर व किंचित तिरपा ठेवतात आणि मध्ये ताणलेल्या कापडाचा आडपडदा लावतात. धारित्र ध्वनिग्राहकाच्या आतच एक लहान विवर्धक असतो व अनेकदा अतिभार तेथेच येतो. अशा वेळी पुढच्या यंत्रावरील आवाजाची कळ कमी करून उपयोग होत नाही. विकृत आवाज केवळ लहान होतो. यासाठी आतील विवर्धकाच्या आधीच संकेत क्षीण करावा लागतो. १९६७ मध्ये आलेल्या नॉयमान यू ८७ या जर्मन ध्वनिग्राहकात १० डेसिबेल घट करणारी कळ होती. १० डेसिबेल घटीने विद्युत्‌ दाब सु. एक-तृतीयांश, तर २० डेसिबेल घटीने एक-दशांश होतो. चल वेटोळ्याच्या ध्वनिग्राहकात सामान्यतः आतला विवर्धक नसल्याने अतिभार बहुधा पुढच्या विवर्धकात येतो व तेथील कळ कमी केल्याने दूर होतो.

अंतर : मोकळ्या जागी अंतर दुप्पट केल्यास ध्वनीची पातळी सु. ६ डेसिबेलांनी उतरते. एक मी.वर १०० डेसिबेल भरणारा आवाज सहा सेंमी.वर सु. १२४ डेसिबेलांच्या घरात जातो. अंतर वाढविल्याने अतिभार टळतो. परंतु खोलीतील प्रतिध्वनी अधिक मिसळतात. एका दिशेने ऐकणारा ध्वनिग्राहक फार जवळ घेतल्यास खर्जाचा भागही अवाजवी वाढतो. योग्य अंतर अशा रीतीने कानाने ठरवावे लागते.

अंकीय मुद्रण : चुंबकीय फितीवर अतिभार आला तरी विकृती हळूहळू वाढत जाते. अंकीय मुद्रणात कमाल अंकाच्या वर काहीच नोंदले जात नाही, त्यामुळे तरंगाचा माथा एकदम सपाट होतो. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या संहत तबकडीतील १६ द्विमान अंकांच्या नोंदीचा आवाका सु. ९६ डेसिबेल, तर २४ अंकांच्या नोंदीचा तत्त्वतः सु. १४४ डेसिबेल असतो. इतका आवाका असताना कमाल मर्यादेच्या अगदी निकट मुद्रण करण्याचे कारण उरत नाही. वर १० ते १२ डेसिबेल मोकळे सोडणे श्रेयस्कर ठरते. पातळी ठरविताना गायकाकडून रचनेतील सर्वांत प्रबल भाग गाऊन घेतात आणि रंगात आल्यावर तो याहूनही मोठ्याने गाईल असे गृहीत धरतात. पोवाड्यात झीलकऱ्यांचा आवाज शाहिराच्या आवाजात मिसळताच पातळी एकाएकी चढते. तेथे ही सावधगिरी विशेष आवश्यक आहे.

खुल्या गळ्याच्या गायनात आवाजाचा चढ हा भावाचाच भाग असतो. त्याला आवर घालून मिळविलेले निर्दोष मुद्रण त्या गायनाची अपुरी नोंद ठरते. अंतर, आडपडदा, क्षीणन व मोकळी सोडलेली पातळी या साधनांमुळे कर्ण्यासमोर गायकावर पडलेला संयमाचा भार आता बव्हंशी यंत्रणेला उचलता येतो.