३० फुटांचा हिशेब: इंजिन बंद पडलं तर धावपट्टी पुरते का?

विमानाच्या गोष्टी बहुतेक वेळा आकाशात घडतात. आजची मात्र जमिनीवरची आहे, आणि ती आहे १५ मीटर काँक्रीटची.

२७ एप्रिल २००५ ला फ्रान्समधल्या तुलूझहून एअरबस ए-३८० पहिल्यांदा उडालं. चार इंजिनं, आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ८० मीटर. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिच्या तेव्हाच्या मानकाप्रमाणे एवढ्या पंखांच्या विमानाला ६० मीटर रुंद धावपट्टी हवी. पण बऱ्याच मोठ्या विमानतळांवर होती ४५ मीटरचीच. बोइंग ७४७ तिच्यावरून आरामात उडत होतं.

मग १५ मीटर कमी चालतील का?

टेकऑफसाठी पळताना एका बाजूचं बाहेरचं इंजिन बंद पडलं, असं समजा. दुसऱ्या बाजूचा जोर चालूच असतो, त्यामुळे नाक बंद इंजिनाकडे वळतं. पायलट रडरने ते सरळ करतो. पण रडरला ताकद मिळते समोरून येणाऱ्या हवेतून. वेग कमी असेल तर पेडल कितीही दाबा, उपयोग नाही. ज्या किमान वेगाला रडर विमान आवरू शकतं, त्याला व्हीएमसीजी म्हणतात. अमेरिका आणि युरोपचा नियम सांगतो, की या वेगाला इंजिन गेलं तर पुढच्या चाकाचं स्टिअरिंग न धरता, फक्त रडरवर, विमान मधल्या रेषेपासून ३० फुटांपेक्षा जास्त सरकता कामा नये.

आता हिशेब करू. ४५ चे निम्मे साडेबावीस मीटर. ए-३८० ची सगळ्यात बाहेरची चाकं मध्यापासून साधारण ७.२ मीटरवर. उरले १५.३. त्यातून ३० फूट, म्हणजे ९.१ मीटर वजा करा. हातात राहतात सहा मीटर आणि थोडे.

२००७ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या नियामकांनी ए-३८० ला ४५ मीटरवर परवानगी दिली. २०१८ मध्ये आयकाओने मानकच बदललं: रुंदी ठरवायची ती पंखांवरून नाही, चाकांच्या अंतरावरून.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच नियमात अडकलेले दोन प्रश्न वेगळे झाले. चाकं काँक्रीटवर राहतील का, हा धावपट्टीचा प्रश्न. पण बाहेरची इंजिनं मध्यापासून २५ मीटरहून लांब, म्हणजे धावपट्टीच्या कडेच्याही बाहेर. खाली माती-खडे असतील तर ती उडवतील, ओढून घेतील. म्हणून चार इंजिनांच्या अशा विमानांसाठी दोन्हीकडचे शोल्डर धरून ७५ मीटरची अट कायम राहिली.

आता ते सहा मीटर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असा बफर दिसला की कोणीतरी विचारतंच, 'हे कशाला ठेवलंय?' पण आपल्या हिशेबात विमान बरोबर मधल्या रेषेवर होतं आणि आडवा वारा शून्य होता. खऱ्या टेकऑफला विमान रेषेच्या थोडं इकडेतिकडे असतं, वाराही असतो. त्याची किंमत याच सहा मीटरमधून जाते. त्यामुळे ते शिल्लक म्हणून मोजू नका.

पुढच्या वेळी खिडकीची सीट मिळाली तर टेकऑफला मोबाईल बाजूला ठेवा आणि धावपट्टीची कड बघा. भेटू पुढच्या भागात!